हलक्या हाताचा

काचेच्या दुकानातल्या दोघा भावांपैकी धाकटा हलक्या हाताचा. चाळीस वर्षांत त्याच्या हातून तडकलेल्या काचा बोटांवर मोजाव्यात इतक्याच. थोरला चिडवायचा, "तू कुणाच्या पाठीवर थाप मारलीस तर त्याला पत्रानं कळवावं लागेल!" काच चौकटीत दाबून बसवताना जरा 'कट्' झालं की धाकट्याचे हात आपसूक वर जात. सवय अगदी हाडीमांसी खिळलेली.

त्या दिवशी भर दुपारी थोरला आरसा पुसता पुसता कोसळला. हार्ट अटॅक आला आणि हृदयच थांबलं. हाकेला ओ नाही, श्वास नाही. धाकट्यानं रुग्णवाहिकेला फोन लावून शेजारी ठेवला. पलीकडची बाई खणखणीत आवाजात सांगू लागली, "छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवा. जोरात दाबा. माझ्याबरोबर मोजा, एक, दोन..."

तो दाबत होता, चांगला दाबत होता. विसाव्या दाबाला आतून आवाज आला. कट्.

हात वर गेले.

"थांबलात का?"

"आत काहीतरी मोडलं हो!"

"बरगडी असेल. मोडू दे! दाबा!"

हृदय बंद पडलेल्या माणसाला आणखी काय दुखणार होतं? पण हात डोक्याचं ऐकेनात. पुन्हा खाली गेले ते नुसते टेकवल्यासारखे. "अहो, जोर लावा!" बाई ओरडत राहिली. गाडीतून आलेल्यांनी दाबलं, शॉक दिले, हॉस्पिटलात नेलं. थोरला गेला तो गेलाच. डॉक्टर सहज म्हणाले, "बरगडी काय, जुळते."

वहिनी येईल त्याला सांगायच्या, "भावजींनी शेवटपर्यंत हात काढला नाही." धाकटा मान खाली घाली. लोकांना तो विनय वाटे. लोकांना काय, काहीही वाटतं.

तीन महिने त्यानं हे ऐकून घेतलं. मग एका सकाळी वहिनी कपडे वाळत घालत असताना, कुणी विचारलेलं नसताना, सगळं सांगून टाकलं.

"किती वेळ थांबलात?"

"मिनिटभर. पुढेही जोर नव्हताच."

"मग मला कशाला सांगितलंत, भावजी?"

"खोटं सोसवेना."

"तुम्ही झालात मोकळे. मी रोज सकाळी तेवढ्याच्या आधारावर उठत होते."

त्यांनी बादलीतून ओली चादर काढली. धाकट्यानं दुसरं टोक धरायला हात पुढे केला.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या.