सुनंदाने विचारलेली पायरी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण उद्या एका वर्गासमोर तेच सांगायचंय, आणि जिभेला थोडी सवय हवी.

मी गणिती, जव्हारजवळच्या साखरशेतचा. आमच्याकडे भात पिकतं, नाचणी पिकते, गणिती काही पिकत नाहीत. त्यामुळे माझं कौतुक जरा जास्तच झालं. एका प्रमेयावर माझी सगळी कारकीर्द उभी आहे — विद्यापीठातली खुर्ची, परदेशातली व्याख्यानं, जव्हारमधले हारतुरे. त्या सिद्धतेत मधेच एक पायरी आहे. तिथे मी लिहिलंय, ‘हे उघडच आहे.’ आम्हा गणितवाल्यांची ही जुनी खोड — जिथे घाम फुटतो, तिथे ‘उघड’ म्हणून पुढे सटकायचं. पण तेव्हा मला ते खरंच उघड वाटलं होतं. इथवर नुसती चूक होती.

गुन्हा पुढचा. पोशेऱ्याची सुनंदा माझ्याकडे संशोधनाला आली. आईबाप मजुरीवर जाणारे, घरात शिकलेली ही पहिलीच. मला केवढा अभिमान — आपल्याकडची पोर! एके दुपारी तिने नेमकं त्या पायरीवर बोट ठेवलं. “सर, हे उघड कसं? मला त नाय दिसत.”

मी हसलो. अजून वाच, म्हणालो. संध्याकाळी घरी स्वतः करून बघितलं. एक साधं उदाहरण घेतलं — आणि पायरी कोसळली. त्याच उदाहरणाने प्रमेयही खोटं ठरलं. पोरगी बरोबर होती.

मग दुसऱ्या दिवशी मी काय केलं असेल? चोर तो चोर, वर शिरजोर. तिला म्हणालो, तुझा पायाच कच्चा आहे. ती पुन्हा विचारायची, मी पुन्हा तेच म्हणायचो. शेवटी तिने विचारणं सोडलं, मग संशोधनही सोडलं. मी अडवलं? नाही. सुटलो, असं वाटलं मला. सांगतानासुद्धा लाज वाटते.

आता ती मोखाड्याच्या एका शाळेत गणित शिकवते. गेल्या आठवड्यात तिने मला पाहुणा म्हणून बोलावलं. बाजाराचा दिवस, जीपमध्ये मुंगी शिरायला जागा नाही, आणि ही मला घ्यायला भर उन्हात उभी. वर्गात माझी ओळख करून दिली, “हे माझे सर. मला वाटलेलं, सर चुकले. पण कच्ची मीच होते. म्हणून सांगते पोरांनो, नाय कळलं त चूक आपलीच समजायची.”

पोरांनी माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या. मी — मी हात जोडून त्या घेतल्या.

प्रमेय मागे घेतोय, असं आज सकाळी ते छापणाऱ्या नियतकालिकाला कळवून टाकलं. ते त्यामानाने सोपं होतं. उद्या पहिल्या जीपने मोखाड्याला जाणार. त्याच फळ्यावर ती पायरी लिहिणार, खाली ते उदाहरण. तुमच्या बाई बरोबर होत्या, हे पोरांना सांगणार. आणि सुनंदाला, तिच्याकडे बघून — की मला हे त्याच संध्याकाळी कळलं होतं.