छप्पर मीच मागितलं

नंदाखाल गावच्या बागायती वाड्यांतून केळी आणून विकता विकता मी भाव करायला शिकले. त्यातला एकच नियम सांगते: समोरचा पहिल्याच बोलण्याला हो म्हणाला, तर थांबायचं. आपल्याला न दिसलेलं काहीतरी त्याला मालात दिसलेलं असतं. हा नियम मी आयुष्यात एकदाच विसरले.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मुलीच्या शाळेत, फाटकाच्या आत, चिंचेखाली माझं टेबल असे. उन्हात वाळवलेली सुकेळी आणि कोकम सरबत, दोन्ही घरचं. शाळेचे दोन वर्ग गळायचे. पावसाळ्यात पोरं कोरड्या कोपऱ्यात दाटीने बसायची. त्या वर्षी थंड पेयाच्या एका कंपनीने शाळेला फ्रीज आणि क्रीडादिनाचे टी-शर्ट देऊ केले. मुख्याध्यापिका बाई मला म्हणाल्या, "मावशी, त्यांचा माणूस येणार आहे. तुम्ही बसा माझ्या शेजारी. मला घासाघीस जमत नाही."

मी पदर खोचूनच गेले. माणूस टायवाला, बोलायला गोड.

"टी-शर्ट काय छपराला बांधायचे?" मी म्हटलं. "दोन्ही वर्गांवर पत्रे घाला, मग ठेवू तुमचा फ्रीज."

"घालू, काकू."

"नवे. जुन्याला रंग मारलेले नकोत."

"नवेच."

"आणि पाण्याची टाकी."

"टाकीपण देऊ. काकू, तुम्ही आमच्याकडे नोकरीलाच या!"

सगळे हसले. मीही हसले, तिथेच चुकले. एवढ्या पटकन तर कोणी केळ्यांच्या फणीचाही सौदा करत नाही.

कागद इंग्रजीत होता. बाईंनी वाचला, सही केली. पत्रे आले, टाकी आली, फाटकावर शाळेच्या नावापेक्षा मोठी बाटली रंगवली गेली. फ्रीज आला त्या दिवशी शिपाई माझ्या टेबलाशी मान खाली घालून उभा राहिला. "मावशी, आवारात दुसरं पेय विकायचं नाही, अशी अट आहे."

सरबताचा डाव हातात तसाच घेऊन मी बाईंच्या खोलीत शिरले. "मी पत्रे पत्रे करत होते, तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "छप्पर तर तुम्हीच मागितलंत, मावशी."



टेबल मी रस्त्यापलीकडे नेलं. पावसात माझ्या डोक्यावर छत्री आणि समोर मीच मिळवलेल्या पत्र्यांवर ताडताड. मुलगी आत कोरडी बसलेली. शिव्या तरी कुणाला देणार?

पुढे एकदा भर उन्हात बाई रस्ता ओलांडून आल्या. "एक सरबत द्या."

मी ग्लास भरला, पण सोडला नाही. "आधी सांगा, बाई. ठाऊक होतं?"

त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, मग फाटकावरच्या बाटलीकडे, आणि तशाच तहानलेल्या परत गेल्या.

मला उत्तर मिळालं. तो ग्लास मी पुढच्या गिऱ्हाइकाला विकला.