सीटखालचा पिवळा प्लग

माझ्या सुनेने चाळिशीत गाडी शिकायला घेतली. मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. गाडी बोरिवलीत सोसायटीच्या आवारात धूळ खात उभी. मीच तिच्या मागे लागले होते. पहिले दोन महिने झकास गेले. मग एका सकाळी काट्यांशेजारी लाल दिवा लागला. त्यावर चित्र, खुर्चीत बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे फुगा.

"एअरबॅगचा आहे," ती म्हणाली. "परवा गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर आपटली ना मी, तेव्हाच काहीतरी मोडलं. आई, मला नाही जमायचं हे. ह्यांना सांगते, विकून टाका गाडी."

हा सूर माझ्या ओळखीचा होता. तिशीत मीही आमच्या ह्यांच्या जुन्या गाडीवर हात बसवत होते. एक दिवस तेलाचा लाल दिवा लागला. तर या शहाण्या बाईने काय करावं? कपाळाची टिकली काढून दिव्यावर चिकटवली! मोठी मरून रंगाची टिकली, अगदी मापाची. दिवा दिसेना म्हणजे बिघाड संपला. दोन दिवसांनी इंजिन जाम होऊन गाडी मुलुंडच्या भर नाक्यात बसली, आणि मी गाडी कायमची सोडली. वर चाळीस वर्षं ऐटीत सांगत फिरले, "मला मेलं ड्रायव्हिंगची आवडच नाही." आवड नाही कसली? घाबरट कुठली!

म्हणून मी ऑनलाइन कोड रीडर मागवला. काडेपेटीएवढा. स्टीअरिंगखाली खोचून मोबाइलला जोडला. त्याने ठणकावून सांगितलं, एकही बिघाड नाही. आणि समोर दिवा लालबुंद! म्हणजे हा रीडरही टिकली लावूनच बसलेला.

"शेवटचं एकदा जोगेश्वरीपर्यंत चालव," मी म्हटलं. तिथल्या गॅरेजवाल्याने माझं यंत्र पाहिलं आणि हसला. "मावशी, हे स्वस्तातलं फक्त इंजिनशी बोलतं. एअरबॅगचा कॉम्प्युटर वेगळा असतो ना." त्याने आपला पाटीएवढा स्कॅनर जोडला. कोड आला. "डाव्या सीटमधली एअरबॅग. कनेक्शन नीट मिळत नाही. सीटखाली पिवळा प्लग असतो, तो ढिला झाला असेल. सीटखाली काही कोंबता का?"

"छे, तिथे तर आई बसतात," सून म्हणाली. "बघा, त्या स्पीडब्रेकरनेच झालं."

गॅरेजवाल्याने बॅटरीची वायर काढली. एअरबॅगला हात लावायच्या आधी थोडं थांबावं लागतं म्हणाला. ती पाच मिनिटं मला फार जड गेली. कारण मला आठवलं होतं. मागच्या महिन्यात हिनेच मला गोराईच्या जेटीवर सोडलं आणि परत आणलं होतं. येताना मी डबाभर सुके बोंबील आणले. सून साताऱ्याकडची, माळकरी घरातली. ताजी मासळी तिने कशीबशी चालवून घेतली, सुकीला मात्र घरात बंदी. म्हणून डबा माझ्या सीटखाली पायाने रेटून रेटून बसवला आणि आठवडाभर तिथेच ठेवला. पुढे शेजारणीकडे बसून सगळे संपवले. पुरावा पोटात. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. फक्त हिने गाडी सोडली असती.

"स्पीडब्रेकर नव्हे गं," मी म्हटलं. "बोंबील."

"काय?"

सांगितलं सगळं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे तो वास! मी एसी धुऊन घेतला आई! अत्तराची बाटली लावली! मला वाटलं, उंदीर मेलाय!"

गॅरेजवाला सीटखाली तोंड घालून हसत होता. टिक करून प्लग बसला, वायर पट्टीने बांधली, बॅटरी जोडली, कोड पुसला. चावी फिरवल्यावर दिवा क्षणभर लागला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. विझला.

"तुमचं ड्रायव्हिंग चांगलंय ताई," गॅरेजवाला म्हणाला. "पॅसेंजर बदला."

सुनेने मला मागच्या सीटवर बसवलं, पट्टा स्वतः ओढून लावला, पिशवी तपासली. घराकडे जायला डावीकडे वळायचं होतं. तिने उजवा इंडिकेटर दिला.

"अगं, कुठे?"

"हायवेवर. बघू तरी, चौथा गिअर कसा लागतो ते."