भिवरामावशीच्या हातचा चिवडा

आमच्या तेलगावात गेल्या पंधरा वर्षांत जेवढ्या मुली दाखवल्या गेल्या, त्यातल्या निम्म्यांचा तरी चिवडा भिवरामावशीनं केलेला आहे. बशी पुढं करताना आई म्हणते, "पोरीनंच केलाय," पोरगी खाली मान घालते आणि पाहुणे मूठ भरून तोंडात टाकतात. माझ्या थोरल्या रोहिणीच्या वेळी मीही हेच म्हणालो होतो, तेही छातीवर हात ठेवून.

मावशीच्या लहानपणी चिवडा म्हणजे ज्वारीच्या लाह्या. नागपंचमीच्या लाह्या उरल्या की त्यांना तेल-तिखट चोळायचं, वर शेंगदाणे आणि कच्चा कांदा, झाला चिवडा. लग्न होऊन ती आमच्या गावात आली तेव्हा बाजारात भडभुंज्याकडं मुरमुरे मिळायचे, त्यांना लसणाची फोडणी. पातळ पोहे तिनं पहिल्यांदा पाहिले ते कड्याच्या कारखान्याला ऊस तोडायला गेल्यावर, शेजारच्या पाचटाच्या कोपीतल्या बाईकडं. मग स्वतः करायला गेली. पोहे कढईत आकसले, मग करपले, आणि नवऱ्यानं तापलेली कढई तिच्या पायावर लोटली. डाग अजून आहे. कोणी विचारलं तर ती एवढंच सांगते, "पोहे आधी उन्हात वाळवायचे असत्यात, हे तवा कळलं."

पुढं मक्याचे पोहे आले, ते तळावे लागतात. भाजके पोहे आले, ते म्हाताऱ्यांच्या दाढांना सोसत नाहीत. आता पोरांना कॉर्नफ्लेक्सचा गोडमिट्ट चिवडा हवा असतो. मावशी सगळे करते आणि शेवटच्याला नाक मुरडते. पण मुलगी दाखवायची तर पातळ पोह्यांचाच लागतो, आणि त्यात मावशीची एक खूण असते. लसूण ती सालीसकट ठेचते आणि फोडणीत भाजलेला जवस टाकते. जवस आमच्याकडं चटणीत पडतो, चिवड्यात दुसरं कोणी घालत नाही.

मुलगा-सून उसाची ट्रॉली उलटून गेले, तेव्हा नात ऋतुजा सहा वर्षांची होती. मावशीनं ऊसतोड सोडली आणि चिवड्यावर पोरगी वाढवली. दहाव्या वर्षी पोरगी फोडणी द्यायला लागली, आणि गेली चार-पाच वर्षं तिचा हात आजीपेक्षा सरस झालाय. हे मावशीच सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा असा फुलायचा की मला उगीच राग यायचा. माझ्या पोरींना साधा चहा धड येत नव्हता.

यंदा ऋतुजाला उमापूरचं स्थळ आलं. मुलगा हरिओम, पुण्याला कंपनीत. दोघं दोन महिने फोनवर बोलत होती आणि पोरीचा जीव त्याच्यावर जडला होता. मावशीचंही वय झालेलं. "हिला एकदा पोचवली की मी मोकळी," असं ती येता-जाता म्हणायची. बाप नाही म्हणून मुलीकडचा वडीलधारा म्हणून मी बसणार होतो.

घोळ एवढाच होता की हरिओमची आई सत्यभामाबाई ही माझ्या रोहिणीची मावससासू. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रोहिणीचा फोन आला. रडत होती. सासरी तिनं दोनदा चिवडा केला, दोनदा करपवला. 'लगीन जमवताना चिवडा कुणाकडून आणलावता?' म्हणून सासू रोज टोचत होती, आणि आता मावससासू तेलगावात येऊन त्याचा छडा लावणार होती.

मी तडक मावशीकडं गेलो.

"मावशी, उद्या रोहिणीचं नाव निघालं तर तुमाला काय बी म्हाईत न्हाई. खरं कळलं तर पोरगी माघारी यील माझी."

"आन माझ्या पोरीचं काय, आण्णा?"

"तिला येतोय की चिवडा. जिला येतंय तिला भ्या कावून?"

मावशीनं सुपातले पोहे पाखडून डब्यात भरले. मग "बरं" म्हणाली. माझ्या विहिरीचं पाणी तिच्या दारात येतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ते बोलून दाखवायची वेळ तिनं माझ्यावर आणली नाही.

दुसऱ्या दिवशी जीपभरून पाहुणे आले. ऋतुजानं बशा ठेवल्या. सत्यभामाबाईंनी एक घास खाल्ला, बोटानं जवसाचा दाणा वेगळा काढला आणि विचारलं, "ह्यो कोणी केला?"

"मीच," ऋतुजा म्हणाली.

"रोहिणी बी असंच म्हणलीती. ह्योच चिवडा, ह्योच जवस. आमच्या घरात आल्यावर तिनं पोह्याचा कोळसा केला." त्या मावशीकडं वळल्या. "आजी, तुमी सांगा. रोहिणीच्या टायमाला चिवडा कुणी केलता?"

"म्याच" एवढा एक शब्द पुरला असता. आजीचा हात नातीत उतरला, त्यात कुणाला काय वाटणार होतं? मावशीनं माझ्याकडं बघितलं. मी बशीतल्या खोबऱ्याच्या कापाकडं बघत राहिलो.

"मला म्हाईत न्हाई," मावशी म्हणाली.

"म्हंजे समदं गाव एकाच दुकानातून आणतंय," सत्यभामाबाई हसल्या आणि पाहुणे खोखो हसायला लागले. ऋतुजानं हरिओमकडं बघितलं. तो मोबाइल चाळत होता.

पोरगी तडफदार. म्हणाली, "थांबा, आत्ता तुमच्यापुढं करते."

आणि तिनं केला. चूल अंगणात मांडली, वाळवलेले पोहे भाजले, लसूण ठेचला, जवस तडतडला. पाहुणे गोल बसून बघत होते. एकही पोहा आकसला नाही. घामानं निथळत तिनं पहिली बशी सत्यभामाबाईंपुढं धरली, तेव्हा तिच्या डोळ्यांत जिंकल्याचा आनंद होता. मलाही वाटलं, सुटलो. रोहिणीचं नाव झाकलेलं राहिलं आणि हिचंही जमलं.

बाईंनी बशी संपवली. दुसरी मागून घेतली.

"चिवडा एक नंबर हाय," त्या म्हणाल्या. "मंजी रोहिणीच्या टायमाला तूच करून दिलता. आमच्या भैनीला फसवणारी तू. आन आजी डोळ्यादेखत खोटं बोलती. असली सून आमी घरात घ्यावी?"

ऋतुजा माझ्याकडं वळली. "आण्णा, तुमी सांगा ना!"

घसा खाकरून मी म्हणालो, "पोरी, पाव्हण्यांपुढं आवाज चढवू नये."

हे मी म्हणालो. कोणी भाग पाडलं नव्हतं.

पाहुणे उठले. जाताना सत्यभामाबाईंनी उरलेला चिवडा बांधून मागितला, वाटेत पोरांना होईल म्हणून. ऋतुजा आत निघून गेली होती. मावशीनंच तो पिशवीत भरला, गाठ मारली आणि दोन्ही हातांनी दिला. मला तिथून कधी एकदा निघतो असं झालं होतं.

मी जीपपर्यंत सोडायला गेलो. सत्यभामाबाई आत बसल्या, पदर सावरला आणि काच खाली करून म्हणाल्या, "इवाई, तुमची धाकली वर्षाराणी काय करती?"

"तिला चिवडा येत न्हाई," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो.

"चिवड्याचं काय घिऊन बसलाव? त्यो इकत मिळतो. घराणं बघावं मानसानं."

पुढच्या सीटवरून हरिओमनं मान वळवून मला नमस्कार केला.

"रविवारी या," मी म्हणालो.