साऊकाकांची गोष्ट परदेशी गेली

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जंगली बदामाचं झाड आहे. त्याच्या सावलीत साऊकाकांची मोटरसायकल उभी असायची आणि गिऱ्हाईक नसलं की तिच्यावरच साऊकाका झोपलेले असायचे. पाय हँडलवर, डोकं मागच्या सीटवर, तोंडावर टोपी. पडायचे कसे नाहीत, हे गल्लीत कुणालाच कळलं नाही. त्यांचं खरं नाव लान्ह. पण आमच्या सायगॉनात थोरल्या पोराला ‘दोन’ म्हणायची रीत. त्यामुळे पाचवे असलेले काका झाले ‘सहा’, म्हणजे साऊ.

माणसं मागे बसवायची आणि शहरभर पोचवायची, हा त्यांचा धंदा. फोनवरून बोलावता येणारी हिरव्या जाकिटातली मोटरसायकलवाली पोरं आली तशी झाडाखालची बाकीची मंडळी हळूहळू पांगली. साऊकाका राहिले. त्यांची ठरलेली माणसं होती. समोरच्या सेनमावशीला पहाटे बाजारात न्यायचं. तिच्या लोआनला लहानपणी शाळेत सोडायचं, ती हॉटेलात कामाला लागल्यावर हॉटेलात. आणि यानिकला तो म्हणेल तिथं.

यानिक बेल्जियमचा. माझं खाली शिवणाचं दुकान आहे आणि वर माझ्याच तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तो कितीतरी वर्षं भाड्यानं राहत होता. सकाळी कुठंतरी इंग्रजी शिकवायचा आणि उरलेला दिवस बघत बसायचा. खरंच सांगते, बघत. निळ्या प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर गुडघे कानापाशी घेऊन बसायचा, समोर बर्फाची कॉफी. गल्लीतून दोन मोटरसायकली एकमेकींना घासून कशा जातात, लॉटरीची तिकिटं विकणारी म्हातारी कुणाच्या दारात बसून जेवते, बारा वाजता आम्ही दारं उघडी टाकून फरशीवर कसे आडवे होतो, सगळं बघायचा.

“तुयेतताई, तुम्ही दुपारी दार लावून का नाही झोपत?” त्यानं मला एकदा विचारलं.

“उकडतं म्हणून.”

तेसुद्धा त्यानं लिहिलं. त्याच्या गावच्या पेपरात दर आठवड्याला आमच्याबद्दल यायचं. आम्हाला बरं वाटायचं. आपल्या चुलीचा धूर कुणीतरी तिकडे वाचतंय म्हणजे काय! लोआन तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “आम्ही छापून आलेलो आहोत बरं का.”

आमची भाषा तो शिकला, पण सूर चुकायचा. आमच्यात एकच शब्द वर चढवला तर आई होते, सपाट ठेवला तर भूत. रोज सकाळी हा सेनमावशीच्या भाताच्या गाडीवर जाऊन लोआनला आदरानं विचारायचा, “तुझं भूत बरं आहे ना?”

“बरं आहे की,” सेनमावशी चिमट्यानं मांस उलटं करत म्हणायची. “भूत तुला भात वाढतंय, गीळ मुकाट्यानं.”

सेनमावशी कणीचा भात आणि निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस विकायची. दुपारी गर्दी ओसरली की एक ताटली झाडाखाली जायची. ताटली न्यायचं काम लोआनचं. साऊकाका उठून, दोन्ही हातांनी ताटली घ्यायचे. आम्ही हसायचो. “काका, मंत्री आलाय का ताट घेऊन?” ते पोरीला “जेवलीस का?” एवढं विचारायचे आणि जेवायला लागायचे.

दोन वर्षांपूर्वी काकांची बायको हान्ह वारली. ती कालव्यापलीकडे राहायची आणि इतक्या वर्षांत आमच्या गल्लीत तिनं एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. आम्ही म्हणायचो, माणूसघाणी असेल. गल्लीतले सगळे जाऊन उदबत्ती लावून आलो. लोआनही निघाली होती, पण सेनमावशीनं अडवलं. “तुला कामावर जायचंय,” म्हणाली. अस्थी आणायला काकांबरोबर यानिक गेला. सख्खा पोरगा करणार नाही एवढं त्यानं त्या दिवशी केलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. नाही म्हणून चालणार नाही.

मग गेल्या वर्षीचा तो शनिवार आला.

दहाचा सुमार. लोआनला सुट्टी होती, ती आईच्या हाताखाली काकड्या चिरत होती. मी माझ्या दारात बसून काजं करत होते. तेवढ्यात एक गोरं म्हातारं जोडपं गल्लीत शिरलं. उन्हानं लाल झालेलं, बाईच्या हातात रिबीन बांधलेला खोका. दोघांनी झाडाकडे बघितलं, मोटरसायकलीकडे बघितलं, मग सेनमावशीच्या धुराकडे. बाईनं नवऱ्याचा दंड धरला.

लोआन पुढे झाली. तिचं इंग्रजी छान. दोन वाक्यांत ती वळून ओरडली, “आई! यानिकदादाच्या देशातले आहेत. पेपरात आपल्याबद्दल वाचून एवढ्या लांब आलेत!”

सेनमावशीनं हात पुसले, दोन स्टुलं पुढे सरकवली. “बसा म्हणावं. आणि तिखट चालतं का विचार.”

बाई बसली नाही. तिनं लोआनचा हात हातात घेतला आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

“काय म्हणते गं?” मी विचारलं.

लोआन दिवसभर हॉटेलात हेच करते, याचं त्याला सांगायचं, त्याचं याला. त्याच सवयीनं ती सांगायला लागली. “म्हणते, ती गोष्ट वाचून आम्ही दोघं रडलो. ज्या बापानं उपासमारीत आपली तान्ही मुलगी देऊन टाकली... आणि मग आयुष्यभर तिच्या समोर मोटरसायकल लावून बसला. मुलगी त्याला रोज भात आणून देते, आणि तिला माहीतच नाही की...” ती थांबली. तिचा आवाज अजून तसाच होता, हॉटेलातला. “मला विचारते, ती मुलगी तूच का.”

निखाऱ्यावर मांस करपायला लागलं. कुणी उलटलं नाही.

“त्यांना सांग, गल्ली चुकली तुमची,” सेनमावशी म्हणाली.

पण लोआन तिच्याकडे बघतच नव्हती. ती झाडाकडे बघत होती. साऊकाका झोपेतून उठून मोटरसायकलवर ताठ बसले होते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण लोआन बोलली ते आमच्याच भाषेत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तेव्हा ते हसले असते, ‘काहीतरी काय’ म्हणाले असते, तर कदाचित निभावलं असतं. ते उठून उभे राहिले आणि टोपी काढली.

“साऊकाका, हे लोक काय म्हणतायत?”

त्यांनी सेनमावशीकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघताय?” ती कडाडली. “बोला ना आता! त्या गोऱ्याला सांगताना बघितलं होतंत का माझ्याकडे?”

संपलं. दोघांचंही लपवणं संपलं. लोआननं हातातली सुरी पाटावर ठेवली, ॲप्रन काढून त्याची घडी घातली आणि गल्लीबाहेर चालत गेली. काकांच्या अगदी जवळून गेली. त्यांनी हात पुढे केला होता की नाही, मला आठवत नाही. ती बेल्जियमची बाई बिचारी खोका पोटाशी धरून उभी होती आणि आळीपाळीनं आमच्या सगळ्यांची माफी मागत होती. तिला काय ठाऊक! मीच तिला हाताला धरून दोघांना टॅक्सीत बसवून दिलं.

दुपारी सेनमावशी माझ्या दुकानात येऊन बसली आणि बोलली. लढाई संपल्यानंतरच्या भुकेच्या वर्षांत साऊकाका-हान्हला सरकारनं जंगल तोडून शेती करायला पाठवलं होतं. तिथून ती दोघं पळून परत आली. शहरात राहायचा ना कागद, ना शिधा. दोन पोरगे आणि एक तान्ही मुलगी घेऊन पुलाखाली राहायची. हान्हचं दूध आटलं होतं. सेनमावशीचा नवरा गेलेला, आणि तिचं स्वतःचं बाळ जन्मल्या दिवशीच गेलेलं. तिला दूध होतं. तिनं मुलगी घेतली, एकाच बोलीवर. कधी, कुणाला सांगायचं नाही. हान्हनं ती बोली अशी पाळली की गल्लीकडे फिरकलीच नाही. साऊकाका मात्र काही वर्षांनी हात जोडून आले. म्हणाले, झाडाखाली उभा राहू दे, बाकी काही नको.

“उभं राहू दिलं मी,” सेनमावशी म्हणाली. “भात दिला. पोरीला त्याच्या मागे बसून शाळेत जाऊ दिलं. अजून काय द्यायचं होतं गं मी, तुयेत? आणि हा माणूस जाऊन सांगतो कुणाला, तर त्याला!”

खरं सांगायचं तर मलाही तेच बोचलं होतं. इतकी वर्षं आमच्यात उठबस, आजारपणं, नवीन वर्षाच्या चिकट भाताच्या वड्या, आणि आमच्यातल्या एकालाही नाही. मी झाडाखाली जाऊन काकांना तसं बोलले.

“तुला सांगितलं असतं तर ते गल्लीत राहिलं असतं,” ते म्हणाले. “तो परका. त्याला सांगितलं म्हणजे कुठंच नाही सांगितलं, असं वाटलं मला. हान्हचा कलश मांडीवर होता. वाटेत कॉफीला थांबलो, आणि निघून गेलं तोंडातून. तो म्हणाला, काका, हे माझ्यापाशीच राहील. रडला पण होता.”

यानिक चारच्या सुमाराला आला, हातात आंब्यांची पिशवी. गल्लीत कुणी त्याला हाक मारली नाही, तेव्हाच त्याला काहीतरी कळलं असणार. मी त्याला दारातच सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला.

“पण मी नावं बदलली होती, ताई.”

“झाड बदललंस? भाताची गाडी बदललीस?”

“ते माझ्या भाषेत होतं. इथं कोण वाचणार होतं?”

हे तो साऊकाकांच्या देखत बोलला. ते हळूच येऊन मागे उभे राहिले होते. त्यानं वळून बघितलं आणि म्हणाला, “काका, मी वाईट काही लिहिलं नाही. तुमच्याबद्दल सगळं चांगलंच लिहिलं. तिकडे लोक रडले.”

काका रागावले नाहीत. त्यांनी साधं विचारलं, “ते छापून आलं, त्यानंतर तू माझ्या मागे बसलास का रे?”

“हो... बसलो असेन. रोजच बसत होतो.”

“कुठं गेलो आपण?”

“आठवत नाही, काका.”

“मलाही नाही आठवत,” काका म्हणाले. “पण मी तुला हेल्मेटचा पट्टा नीट लाव म्हणालो असणार. तू हो म्हणाला असशील. आणि तुझ्या पोटात ते होतं. मला सांगावंसं नाही वाटलं तुला?”

यानिकनं आंब्यांची पिशवी खाली ठेवली. “वाटलं होतं. पण मग तुम्ही मला काही सांगितलं नसतंत पुन्हा.”

एवढं मात्र खरं बोलला तो. काका मान हलवून निघून गेले. मी त्याला म्हटलं, “महिना संपायच्या आत खोली मोकळी कर.” तो म्हणाला, हे माझंही घर आहे. मी म्हटलं, घर होतं म्हणूनच नुसतं जा म्हणतेय, नाहीतर काठी घेतली असती. तो गेला, नदीपलीकडे कुठंतरी राहतो. अजून लिहितो म्हणे. ते आंबे कुणी खाल्ले नाहीत, पिशवीतच सडले.

लोआन मैत्रिणीकडे राहायला गेली. आईचा फोन घ्यायची, “हो, नाही, जेवले” एवढंच बोलायची. दुपारची ताटली बंद झाली. साऊकाका तरीही येत राहिले, पण मोटरसायकल आता रस्त्याकडे तोंड करून लावायचे आणि झोपायचे नाहीत. गल्लीतले टवाळ बोलायचे, “काका, आता कुणाची वाट बघताय, पेपरवाल्यांची?” पहाटे सेनमावशी बाजाराला जायला हिरव्या जाकिटातलं पोर बोलवायची, त्यांच्या डोळ्यांदेखत.

नवीन वर्षाच्या आधी एका सकाळी लोआन माझ्या दुकानात आली. बारीक झाली होती.

“तुयेतमावशी, ती कुठं आहे?”

“कोण?”

“जी वारली ती.”

मी दुकान बंद केलं आणि तिला कालव्यापलीकडच्या देवळात घेऊन गेले. तिथं भिंतीत कलशांचे खण आहेत, प्रत्येकावर फोटो. हान्हचा फोटो म्हातारपणीचा, जरा रागावल्यासारखा. लोआननं उदबत्ती लावली, तीनदा वाकली आणि खूप वेळ बघत राहिली.

“मला काहीच वाटत नाहीये, मावशी,” ती म्हणाली. “ही एकदासुद्धा आली नाही. आणि ते रोज येत होते, रोज मला जेवलीस का विचारत होते, आणि बोलले नाहीत. आईसुद्धा नाही. आणि यानिकदादा मला बघून हसायचा, तेव्हा त्याला माहीत होतं. माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. त्या पेपर वाचणाऱ्या म्हातारीलासुद्धा.”

मी तिची पाठ चोळली.

परत आलो तेव्हा काका झाडाखाली होते. आम्हाला बघून उभे राहिले. लोआन थांबली नाही, सरळ आईच्या गाडीवर गेली, ॲप्रन बांधला आणि काकड्या चिरायला बसली. सेनमावशीनं पाट तिच्याकडे सरकवला. आता ती शनिवार-रविवार येते. आईशी बोलते. त्यांच्याशी अजून नाही.

त्या दिवशी संध्याकाळी काका माझ्या दारात आले. टोपी हातात.

“तिकडे घेऊन गेली होतीस?”

“हो.”

“काही विचारलं तिनं?”

“नाव विचारलं. फोटोखालचं पुसट झालंय, वाचता येईना.”

“हान्ह,” काका म्हणाले, जणू मलाच माहीत नव्हतं. “पेपरात त्यानं हान्हचं नाव काय ठेवलं होतं गं? कुणी सांगितलं का तुला?”

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. ते बरं म्हणाले आणि मोटरसायकल ढकलत, चालू न करताच, रस्त्यापर्यंत घेऊन गेले.