शेषेरावांचं बिनमाशांचं पाणी

शेषेराव एस.टी.चे ड्रायव्हर. सगळी नोकरी लातूर-नांदेड रस्त्यावर धावण्यात गेली, आणि थांबणं हा प्रकार त्यांच्या अंगाला कधी लागलाच नाही. चहा चुलीवर उकळत असतानाच ते बशी पुढं करायचे. पंगतीत वरण येईस्तोवर त्यांचा भात संपलेला असायचा. मुलगी बघायला गेले तेव्हासुद्धा पोह्यांची वाट न बघता "पसंत हाय, चला," म्हणून उठले. पसंत आपण होतो की निघायची घाई होती, हे तुळजाबाईंना पुढं कैक वर्षं कळलं नाही.

रिटायर झाल्यावर बीपी निघालं. डॉक्टरांच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत मासे होते. त्यांच्यासमोर शेषेराव बसले, आणि नंबर पुकारला तरी उठले नाहीत. तुळजाबाईंना वाटलं, बीपी चांगलंच चढलं.

दुसऱ्या दिवशी दोघं गंजगोलाईच्या बाजारामागं, आनंदराजच्या शोभेच्या माशांच्या दुकानात. पेटी घेतली, खडे घेतले, हवेचा पंप आणि त्याला जोडायचा काळा स्पंज घेतला.

"मासे आज न्हाई, काका," आनंदराज म्हणाला.

"मग नुसता काचंचा डबा विकू लालास का?"

"आधी पाणी तयार व्हावं लागतंय. नव्या पेटीत माशाची घाण माशालाच मारती. ती घाण खाणारे बारीक जंतू आधी वसवायचे. रोज चिमूटभर खाणं टाका, कुजू द्या. महिना तरी धरा."

आता हे पेटी त्याच्या काउंटरवर आपटणार, म्हणून तुळजाबाईंनी पदर सावरला. शेषेरावांनी पेटी उचलून निमूट रिक्षात ठेवली. घरी आल्यावर म्हणाले, "अगं, आजवर सगळं पळता पळता केलं. ह्ये एक दमानं करू."

मग ते रोज त्या रिकाम्या पाण्यासमोर खुर्ची टाकून बसू लागले. नसलेल्या माशांना चिमूटभर खाणं घालायचे.

"पाण्याला राखण बसलाव का?" तुळजाबाई विचारायच्या. "कुणी चोरून न्हाई नेत."

"तू गप. आत काम चालू हाय."

पाणी दुधासारखं झालं तेव्हा ते घाबरून दुकानात गेले. "होऊ द्या, आपोआप नितळंल," आनंदराजनं सांगितलं. सोबत तपासणीच्या थेंबांची बाटली दिली. छोट्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. हिरवं झालं तर अजून विष आहे, पिवळं राहिलं तर गेलं. शेषेराव ती नळी खिडकीच्या उजेडात धरून बघायचे. स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला त्यांना कधी सवड झाली नव्हती.

पाणी नितळलं. हिरवा रंग फिकटत चालला. एका सकाळी त्यांनी चिमूट टाकली, खुर्चीत बसले. तुळजाबाई चहा घेऊन आल्या तर बशी पुढं झाली नाही.

आमच्याकडं मयत झालेल्या घरातलं साठवलेलं पाणी ओतून देतात. नळ आठवड्यातून एकदा येवो नाहीतर दोनदा, रीत ती रीत. माती देऊन माणसं परतायच्या आधीच बायकांनी रांजण पालथा केला, ड्रम आडवा केला, न्हाणीतली बादलीसुद्धा सोडली नाही. पुढं होत्या उमरीच्या अक्का, शेषेरावांच्या थोरल्या बहीण. रडून डोळे सुजलेले, तरी नजर चुकत नव्हती. त्या पेटीसमोर येऊन थांबल्या.

"तुळजे, ह्ये बी पाणीच हाय की."

तुळजाबाईंनी पेटीच्या कडेवर हात ठेवला. नवऱ्यानं जन्मात एकाच गोष्टीसाठी धीर धरला होता, आणि ती आता मोरीतून वाहून जाणार होती.

"थांबा, अक्का," त्या म्हणाल्या. नणंदेला असं त्या पहिल्यांदाच म्हणाल्या असतील. त्यांनी दुकानात फोन लावला. आनंदराजला आधी बातमी सांगितली.

"पाणी टाकावं लागतंय, बाबा. रीत हाय," तुळजाबाईंनी सांगितलं.

"टाका, मावशी. जंतू पाण्यात लई नसतेतच. खड्यांवर अन् स्पंजात असतेत. तेवढं धुऊ नका, वाळू देऊ नका."

"म्हंजी विरजण."

"हाव. विरजणच."

दह्याचं भांडं घासलं नाही तर त्याच्या कडेला दही राहतं, हे तुळजाबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी लोटीनं पाणी उपसलं आणि अंगणातल्या सीताफळाला घातलं. तळाशी ओले खडे उरले. हातात बुळबुळीत काळा स्पंज होता.

"ह्यातबी पाणी हाय," दारातली कुणीतरी म्हणाली.

अक्कांनी तिच्याकडं वळून बघितलं. "वल्लं फडकं म्हंजी पाणी असतंय का गं? जा, तू चूल बघ." मग स्पंजाकडं बघत हळूच म्हणाल्या, "माझा भाऊ ह्याच्यापुढं बसत हुता का?"

घरात आता थेंब नव्हता. शेजारची पंचशीला आपल्या ड्रममधून घागरी भरून आणू लागली. "चार दिसांचं हाय, काकू," ती ओशाळून म्हणाली. तिला काय ठाऊक, पेटीसाठी आनंदराज असंच पाणी सांगायचा. ठेवून ठेवून ब्लीचिंगचा वास उडालेलं, म्हणजे पेटीतले जंतू मरत नाहीत. स्पंज पुन्हा जागेवर बसला, पंप गुरगुरला.

तेरावं झालं, माणसं पांगली. खुर्चीत आता तुळजाबाई बसू लागल्या. रोज चिमूट टाकायच्या, नळी खिडकीत धरायच्या. एके दिवशी पाणी पिवळंच राहिलं. खात्री वाटेना म्हणून पुढचे काही दिवस त्या बघतच राहिल्या. मग आनंदराजला बोलावलं. त्यानं सगळ्या बाटल्यांनी तपासलं आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तो पिशवीतून दोन लाल मासे घेऊन आला. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली. "लगेच सोडायचे न्हाई, मावशी. पाण्याची सवय होऊ द्या."

"होऊ दे की," तुळजाबाई म्हणाल्या. "कुठं जायचंय?"

संध्याकाळी अक्कांचा फोन आला.

"सोडले का गं?"

"सोडले. दोनच. बाकीचे मागून."

"बरं झालं." अक्का म्हणाल्या. "त्याला कुठला निघाला असता गं एवढा दम? लहानपणी पेरूसुद्धा पिकू देत नव्हता."

तुळजाबाईंनी पेटीकडं बघितलं. मासे तळाशी खड्यांना तोंड लावत होते.

"न्हाई, अक्का. ह्या येळंला धरला हुता."