पट्टीबाईंची पट्टी

शाळेच्या ग्रंथपाल बाईंना मुलं पट्टीबाई म्हणत. त्यांच्या हातात सदैव स्टीलची पट्टी असे. पण एकोणतीस वर्षांत ती कुणाच्या तळहातावर पडली नव्हती. बांधणीवाल्याच्या आळसानं नव्या पुस्तकांची काही पानं कडेला जोडलेलीच राहतात. वाचताना असं पान आलं की मुलानं पुस्तक घेऊन यायचं आणि बाईंनी पट्टीनं ते उघडून द्यायचं, असा शिरस्ता होता. बाई आधी कधीच उघडत नसत. कोण कुठवर पोचलं, ते त्यांना त्यावरूनच कळे.

यंदा सातवीला 'माझं पुस्तक, माझा प्रकल्प' असा उपक्रम आला. बाई हरखल्या होत्या. प्रदर्शनाच्या सकाळी मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा प्रकल्पांवरची अक्षरं एकाच हाताची, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याच्या! आणि शिंपीणबाईंच्या मुलीनं प्रकल्प म्हणून शिवलेला कोट टेबलाखाली पडलेला.

तिनं दीपगृहाच्या राखणदाराची कादंबरी वाचली होती. चार वेळा पट्टीसाठी आली होती. आईच्या चिंध्यांतून तिनं राखणदाराचा कोट शिवला होता, प्रत्येक प्रकरणाला एक खिसा. कुठे गंजकी किल्ली, कुठे न टाकलेलं पत्र. शेवटचा खिसा रिकामा.

"हा रिकामा का गं?" ती कोट दाखवायला आली तेव्हा बाईंनी विचारलं होतं.

"त्यानं शेवटी सगळं वाटून टाकलं ना बाई. पण खिसा कुठे जाणार?"

बाईंनी टेबलाखालचा कोट उचलून झटकला. "सर, हा खाली कुणी टाकला?"

"मीच," मुख्याध्यापक म्हणाले. "पाहुण्यांसमोर चिंध्या मांडायच्या का? आजचा दिवस तरी डोकं शांत ठेवा."

"परीक्षकांनी तो पाहिलाच नाही!"

"निकाल झालाय, बाई."

पहिलं बक्षीस त्याच कादंबरीच्या दुसऱ्या प्रतीवरच्या प्रकल्पाला मिळालं होतं. थर्माकोलचं हातभर उंच दीपगृह, वर लुकलुकणारा दिवा. शेजारी डॉक्टरांची मुलगी मान खाली घालून उभी, आणि तिचा मामा पाहुण्यांना सांगत होता, "दोन रविवार घातले मी यात! वायरिंगसुद्धा स्वतः केलं."

"मग बक्षीस मामांनाच द्या की!" बाई कडाडल्या. "सातवीत नाव घालू का तुमचं?"

बाईंनी दीपगृहाशेजारचं पुस्तक उचललं. तेहतिसाव्या पानापुढची पानं अजून जोडलेलीच होती. त्यांनी पट्टी सारली. चर्रकन आवाज झाला. चौतिसाव्या पानावरचं पहिलंच वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं, "त्या संध्याकाळी दिवा विझला, तो पुन्हा कधीच पेटला नाही."

सगळ्यांच्या नजरा लुकलुकणाऱ्या दिव्याकडे गेल्या. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"पुढची दीडशे पानं अंधाराची आहेत, मामा," बाई म्हणाल्या. "तो राखणदार विझलेला दिवा कसा सांभाळतो, त्याचीच ही गोष्ट. एवढं तरी भाचीला वाचू द्यायचं!"

मामानं दिव्याचं बटण बंद केलं.

"बाई, हे बरं केलं नाहीत," मुख्याध्यापक दातओठ खात म्हणाले. "उद्या लेखी खुलासा द्या."

"देते. चौदा प्रकल्पांच्या अक्षरांचे नमुने सोबत जोडून देते. चालेल?"

बाईंनी दीपगृह बाजूला सरकवलं आणि टेबलाच्या मधोमध कोट पसरला, सगळे खिसे वर येतील असा. परीक्षकांपैकी एकानं चष्मा लावला, किल्लीच्या खिशात हात घातला आणि शिंपीणबाईंच्या मुलीला जवळ बोलावलं.

तेवढ्यात कोपराला काहीतरी टेकलं. डॉक्टरांची मुलगी होती, पुस्तक पुढे धरून.

"बाई, उरलेली पानं उघडून देता?"

"उरलेली?" बाई अजूनही तडकलेल्याच होत्या. त्यांनी पट्टीनं फक्त पुढची एकच जोडी उघडली. "एवढं वाच. मग ये."